प्रायोजक आणि संघमालक: पैसा दोघांचा, बांधिलकी निराळी

विदर्भात कापसाची वेचणी आटोपत आली की अनेक गावांत टेनिस बॉल क्रिकेटच्या लीग सुरू होतात. खेळाडूंचा लिलाव होतो, संघ विकत घेतले जातात आणि संघाला टी-शर्ट देणारा कृषी केंद्राचा चालक असो वा लिलावात प्रत्यक्ष बोली लावून संघ उभा करणारा जिनिंगवाला, माईकवरून दोघांचाही उल्लेख ‘संघमालक’ असाच होतो. दोघांनीही खिशातून पैसा दिलेला असल्यामुळे ही गल्लत स्वाभाविक आहे. मात्र स्पर्धेविषयी त्यांची जबाबदारी सारखी नसते, आणि आपल्याकडच्या लीगमधले बरेचसे वाद याच गल्लतीतून निर्माण होतात, असे माझे मत आहे.

प्रायोजकाचा व्यवहार सरळ आहे. तो रक्कम देतो आणि त्या बदल्यात टी-शर्टवर व फलकावर त्याचे नाव झळकते. आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व २००८ ते २०१२ या काळात डीएलएफकडे होते. त्यानंतर आलेल्या पेप्सीने पाच वर्षांचा करार २०१५च्या हंगामानंतर अर्ध्यावर सोडला आणि तिची जागा विवोने घेतली. प्रायोजक बदलला म्हणून कोणत्याही संघाचे गुण कमी-जास्त झाले नाहीत.

मालकाचे तसे नाही. बँक हमी न दिल्याच्या कारणावरून २०११ मध्ये बीसीसीआयने कोची टस्कर्स केरळचा करार रद्द केला, तेव्हा दहा संघांची स्पर्धा पुढच्या वर्षी नऊ संघांची झाली आणि अवघा एक हंगाम खेळलेल्या त्या संघातील खेळाडूंना दुसरे घर शोधावे लागले. एका मालकाची त्रुटी साऱ्या स्पर्धेला भोवते, कारण संघाला एकट्याने काहीच विकता येत नाही. प्रेक्षक येतो तो सामना पाहायला, आणि सामन्याला प्रतिस्पर्धी लागतोच. याच जाणिवेतून अमेरिकेतील एनएफएल या फुटबॉल लीगचे संघ १९६० च्या दशकाच्या आरंभापासून राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा समान वाटून घेत आले आहेत. त्यामुळे जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रीन बे शहरातील संघाला त्या उत्पन्नातून न्यूयॉर्कच्या संघाइतकाच वाटा मिळतो.

गावच्या लीगमध्ये ही जबाबदारी सर्वाधिक कसोटीला लागते ती साखळीच्या शेवटच्या सामन्यात. उपांत्य फेरीची आशा संपलेला मालक म्हणतो, ‘पैसा माझा गेला, आता पोरांचा गाडीखर्च आणि जेवण मी कशाला करू?’ आणि संघ मैदानावर येत नाही. समोरच्या संघाला न खेळता पूर्ण गुण मिळतात, आणि त्याच्याशी बरोबरीत असलेला, प्रत्येक सामना घाम गाळून खेळलेला तिसराच संघ स्पर्धेबाहेर पडतो. त्या मालकाने स्वतःचे काही बिघडवून घेतले नाही. नुकसान झाले ते त्या तिसऱ्या संघातील मुलांचे, ज्यांनी त्याच्याकडून एक रुपयाही घेतलेला नव्हता. प्रायोजकाने ऐनवेळी हात आखडता घेतला तर मुले जुन्या टी-शर्टवर खेळतील; मालकाने तसे केले तर साखळीचा निकालच खोटा ठरतो. लिलावात बोली लावण्यासाठी प्रत्येक मालकाला दिलेल्या ठरावीक गुणांची मर्यादा पाळल्याचे दाखवून चांगल्या खेळाडूला वरून रोख रक्कम देणे हा त्याच जातीचा अपराध आहे, कारण ती मर्यादा लहान ऐपतीच्या मालकालाही जिंकण्याची संधी राहावी म्हणून घातलेली असते.

सट्ट्याबाबत तर मालकाला कोणतीच सूट असू शकत नाही. चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स यांच्या मालकी बाजूच्या व्यक्ती सट्टेबाजीत दोषी ठरल्यावर न्यायमूर्ती लोढा समितीने १४ जुलै २०१५ रोजी हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले, आणि महेंद्रसिंह धोनीसारख्या खेळाडूला मधले दोन हंगाम पुण्याच्या संघातून खेळावे लागले. शिक्षेची झळ निर्दोष खेळाडूंना बसली, हे मला आजही खटकते. तरीही संघ तसाच ठेवून केवळ व्यक्तींना दूर केले असते, तर मालकीची जबाबदारी कागदावरच राहिली असती.

त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेट प्रशासकांना आयपीएलमध्ये व्यावसायिक हितसंबंध ठेवण्याची मुभा देणारी बीसीसीआयच्या नियमांतील दुरुस्ती रद्दबातल ठरवली. आपल्याकडे आयोजन समितीचा सदस्यच एखाद्या संघाचा मालक असतो आणि पंच कोण असावा हेही तोच ठरवतो. लहान गावात माणसे मोजकीच असल्याने त्याला समितीतून काढणे कदाचित शक्य होणार नाही. पण त्याच्या संघाच्या सामन्यासाठी पंच शेजारच्या गावातून बोलवावा आणि त्या सामन्याविषयीच्या तक्रारीवर त्याने मत देऊ नये, एवढे तरी लिलावापूर्वी लिहून घेता येते. त्याच कागदावर मालकाची अनामत रक्कमही नोंदवावी, जी साखळीतील सर्व सामने खेळल्यावरच परत मिळेल. संघ न आल्यास ती ज्याचे नुकसान झाले त्या संघाला द्यावी. प्रायोजकाकडून अशी अनामत मागण्याचे कारण नाही. त्याच्याकडून ठरलेली रक्कम पहिल्या सामन्याआधी जमा झाली की पुरे.