लोकवर्गणीचं मैदान: काउंटर-स्ट्राइकची ‘मेजर’ कशी उभी राहिली

सांगली जिल्ह्यात जत्रेचं कुस्ती मैदान ज्यानं पाहिलंय, त्याला इनामाचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. दुपारी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, मग शे-पाचशेच्या, मग हजारांच्या, आणि दिवस कलला की एक नंबरची जोड. इनामाची रक्कम कुणा एकाच्या खिशातून येत नाही. यात्रा कमिटी घरोघर फिरून वर्गणी गोळा करते, पावत्या फाडते. म्हणून तर कुस्ती निकाली झाली नाही की मैदानाभोवतीचा प्रत्येक माणूस स्वतःचे पैसे बुडाल्यासारखा ओरडतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये स्वीडनमधल्या योन्शॉपिंग या शहरात असंच एक मैदान भरलं. खेळ होता संगणकावरचा, ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’, स्पर्धा होती ड्रीमहॅक विंटर, आणि इनाम होतं अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण दीड कोटी रुपये. ही रक्कम जगभरच्या खेळाडूंनी गेममध्ये केलेल्या खरेदीतून उभी राहिली होती. या खेळाची ही पहिली ‘मेजर’, म्हणजे सर्वांत मानाची स्पर्धा. योन्शॉपिंग हे काही राजधानीचं शहर नव्हे, सांगली-मिरज-कुपवाडपेक्षाही लहान. सांगलीचं नाव जसं हळदीमुळे, तसं त्याचं काड्यापेट्यांमुळे.

मूळ खेळ त्याच्याही बराच आधीचा. १९९९ मध्ये मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’ या गेमला जोड म्हणून तो फावल्या वेळात बनवला आणि फुकट वाटला. लोक त्यावर इतके तुटून पडले की २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं खेळही घेतला आणि ही दोघंही घेतली. नियम अगदी साधे आहेत. पाचास पाच. एका बाजूनं ठरलेल्या जागी बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो रोखायचा किंवा निकामी करायचा. मेलेला गडी पुढच्या डावापर्यंत बसून राहतो. खरी गंमत पैशांत आहे. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला हत्यारं विकत घ्यावी लागतात, हरलं की गल्ला आटतो, आणि मग शहाणा संघ एखादा डाव मुद्दाम पिस्तुलावर काढून पैसे साठवतो. याला ‘इको’ म्हणतात. नुसता नेमबाज असून भागत नाही. कुस्तीत जसा दम राखून खेळावा लागतो, तसा इथे पैसा.

आमच्याकडे हा खेळ विश्रामबागच्या सायबर कॅफेंतून आला. इंजिनिअरिंगची पोरं लेक्चर बुडवून तिथे पडीक असायची. खेळातल्या ‘डस्ट टू’ या मैदानाचा नकाशा आम्हाला आयर्विन पुलाच्या रस्त्याइतका पाठ होता. तासाला वीस रुपये, वर भारनियमनाची टांगती तलवार. ऐन पंधराव्या डावाला वीज जायची आणि इन्व्हर्टर फक्त मालकाच्या मशीनला जोडलेला. खेळाची विकत घेतलेली सीडी मात्र मी त्या काळात एकदाही पाहिली नाही. सगळा माल ‘कॉपी’चा. ज्या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा पुढे लोकवर्गणीवर उभी राहिली, तो आम्ही फुकट्यांनी मिटक्या मारत खेळला, हे कबूल केलेलं बरं.

तिकडे स्पर्धा तेव्हाही होत होत्याच. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत डॅलसला ‘सीपीएल’ या लीगची मोठी स्पर्धा झाली, दीड लाख डॉलरची, आणि ‘निंजाज इन पजामाज’ या स्वीडिश संघानं ती मारली. (नाव हसण्यासारखं आहे, पण संघ अजून आहे.) पुढे ‘वर्ल्ड सायबर गेम्स’ला सॅमसंगचा हात होता, तर २००७ मध्ये एका अमेरिकी टीव्ही कंपनीनं खेळाडूंना पगारावर ठेवून अख्खी लीगच काढली. हा सगळा राजाश्रय. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, मल्लांचा खुराक दरबारातून चालवला. पण संस्थानं गेली तेव्हा तालमींवर काय वेळ आली, ते या भागातल्या जुन्या वस्तादांना विचारा. इथेही तेच झालं. २००८ च्या मंदीत टीव्हीवाल्यांची लीग दोन हंगामांत गुंडाळली गेली, सीपीएलही त्याच वर्षी संपली. कुस्तीला जत्रांनी आणि यात्रा कमिट्यांनी तगवलं. काउंटर-स्ट्राइकला तगवलं बंदुकीच्या रंगानं.

ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉल्व्हनं गेममध्ये ‘स्किन’ आणले. बंदूक तीच, मारही तोच, वरचा रंग फक्त वेगळा. बंद पेटी मिळते, चावी अडीच डॉलरला विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. या विक्रीतला काही वाटा स्पर्धांच्या इनामाला ठेवला गेला आणि त्यातून योन्शॉपिंगचे अडीच लाख आले. अंतिम सामन्यात फ्नॅटिक या संघानं निंजांना २-१ असं हरवलं. याच निंजांनी त्याआधी समोरासमोरच्या स्पर्धांत सलग ८७ नकाशे (एका मैदानावरचा पूर्ण खेळ म्हणजे एक नकाशा) जिंकले होते, त्यामुळे तो निकाल म्हणजे अजिंक्य मल्लाला एखाद्या नवख्यानं चितपट करण्यासारखा होता.

मार्च २०१४ मध्ये पोलंडच्या कोळसापट्ट्यातल्या कातोवित्से शहरात दुसरी मेजर झाली. उडत्या तबकडीच्या आकाराच्या स्पोडेक सभागृहात घरचाच संघ व्हर्टुस.प्रो जिंकला. संघांची स्टिकरं याच स्पर्धेपासून आली. बंदुकीवर चिकटवायचं स्टिकर घ्या, विक्रीतला वाटा संघांना आणि खेळाडूंना. ही सरळसरळ वर्गणीची पावतीच, फक्त इथे पावतीलाच भाव फुटला. त्या स्पर्धेतली काही चकचकीत स्टिकरं आज हजारो डॉलरना विकली जातात. सांगलीच्या माणसाला सौद्यांचं वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हनं एक नियम बदलला, तेव्हा गेममधल्या चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले.

पैसा आला की नुराकुस्तीही येते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतला ‘आयबायपॉवर’ हा तगडा संघ एका दुबळ्या संघाकडून विचित्र पद्धतीनं हरला. जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं की सामना ठरवून सोडला होता आणि मोबदला स्किनच्या रूपात घेतला होता. व्हॉल्व्हनं त्यातल्या खेळाडूंना आपल्या स्पर्धांतून कायमचं बाहेर काढलं. स्किन पणाला लावून जुगार चालवणाऱ्या वेबसाइटींना मात्र कंपनीनं नोटिसा धाडल्या २०१६ च्या जुलैत. मला ही ढिलाईच वाटते. पेटीचं नशीब विकणाऱ्यानं जुगाराला नावं ठेवायला उशीर करावा, यात नवल नाही.

इनाम वाढत गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेत कोलंबसला ते दहा लाख डॉलरवर गेलं. कोविडमुळे २०२० मध्ये एकही मेजर झाली नाही, आणि २०२१ मध्ये स्टॉकहोमला रक्कम थेट वीस लाख झाली. तिथे युक्रेनचा नाटुस विन्चेरे हा संघ एकही नकाशा न गमावता जिंकला. रिओपासून, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरपासून, इनाम साडेबारा लाखांवर स्थिरावलं. २०२३ मध्ये नवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ आला.

दरम्यान राजाश्रय परत आला होता. २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या कंपनीनं ईएसएल आणि फेसइट या बड्या आयोजकांना दीड अब्ज डॉलरमध्ये घेतलं. बड्या संघांनी आयोजकांशी भागीदारीचे करार करून स्पर्धांत आपापल्या जागा आधीच राखून ठेवल्या होत्या. मैदान भरवणारा आणि जोड लावणारा मल्लाचा भागीदार असेल तर गावच्या पोरानं कुणाशी लढायचं? ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉल्व्हनं जाहीर केलं की २०२५ पासून असं नातं चालणार नाही, निमंत्रणं क्रमवारीवरच जातील.

भारताच्या वाट्याला या इतिहासात आली ती नामुष्की. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायमध्ये आशियाई संघांच्या एका स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’चा एक खेळाडू ऐन सामन्यात पकडला गेला. नेम आपोआप लावून देणारी फाइल त्यानं ‘वर्ड’ या साळसूद नावानं मशीनमध्ये ठेवली होती. संघ मोडला, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. त्याच सुमारास गावोगावची पोरं स्वस्त मोबाइलवर पब्जीकडे वळली, सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवरही बंदी आली, आणि घरोघरच्या आयांना सगळेच बंदुकीचे खेळ ‘पब्जी’ झाले. सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतला खेळ म्हणून मान्यता दिली खरी, पण मेजरमध्ये भारतीय संघ दिसला नाही तो नाहीच.

मंगोलियाचा दिसला. त्या देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, आणि सांगली जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत अठ्ठावीस लाख. कुस्तीचं वेड तिथेही आपल्यासारखंच. नादाम उत्सवात शेकडो मल्ल उतरतात. तिथला ‘द मोंगोल्झ’ हा संघ जून २०२५ मध्ये ऑस्टिनच्या मेजरमध्ये थेट अंतिम सामन्यात पोहोचला आणि फ्रान्सच्या व्हिटॅलिटीकडून २-१ असा हरला. अमेरिकेतली दुपार म्हणजे आपल्याकडची रात्र. माझ्या भाच्यानं तो सामना विश्रामबागेतल्या खोलीवर मित्रांना गोळा करून पाहिला. त्याआधी त्यानं मोंगोल्झसाठी म्हणून स्टिकरांची एक कॅप्सूलही (बंद पुडी, आत कुठलं निघेल ते नशीब) घेतली होती, आमच्या पिढीची फुकटेगिरी फेडत. फोडली तर आत निघालं भलत्याच संघाचं स्टिकर.