अंतर तेच, वेळ वेगळी

टोकियोहून लॉस एंजेलिसला विमान साधारण दहा तासांत पोहोचतं. परत यायला मात्र साडेअकरा-बारा तास मोडतात. दोन विमानतळांमधलं अंतर दोन्ही वेळा तेच, सुमारे 8,800 किलोमीटर. मग हा फरक येतो कुठून?

'पृथ्वी फिरते ना, म्हणून', हे उत्तर पुष्कळांच्या तोंडी तयार असतं. ते चुकीचं तर आहेच, पण उलटंही आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. जमीन विमानाखालून सरकत असती, तर लॉस एंजेलिस पुढे पुढे पळालं असतं आणि जाण्याचाच प्रवास लांबला असता. पण हवा जमिनीबरोबर फिरते आणि हवेतलं विमानही.

खरी गोम वाऱ्यात आहे. विमानाचा ताशी 900 किलोमीटर वेग हा हवेतला वेग असतो. हवाच वाहत असेल, तर नदीतल्या होडीसारखं विमान तिच्याबरोबर ओढलं जातं. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह नावाचा वेगवान वारा वाहतो. उष्ण कटिबंध आणि ध्रुवाकडचा भाग यांच्या तापमानातल्या फरकातून तो जन्मतो, म्हणून हिवाळ्यात त्याला अधिक जोर येतो. जपानवर तर तो कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो.

हे वारे टोकियोजवळच्या वेधशाळेतून फुगे सोडून जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात मोजले होते. जगाने वाचावं म्हणून त्यांनी 1926 साली आपला अहवाल एस्परांतो या, साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या पण फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला. साहजिकच तो फारसा कोणी वाचला नाही! 1944 मध्ये जपानवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांनी चांगलंच गोंधळात टाकलं.

आता थोडा हिशेब. वारा ताशी 100 किलोमीटरचा धरला, तर जाताना वेग 1,000 आणि येताना 800. म्हणजे जायला 8.8 तास, यायला 11 तास, एकूण 19.8. वारा नसता तर दोन्ही मिळून 19.6 तासच लागले असते. जाताना वाचलेला वेळ येताना सव्याज द्यावा लागतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

मुळात 8,800 हा आकडाही नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, 34-35 अंश उत्तरेला आहेत. त्या अक्षांशावरून सरळ पूर्वेला गेलं, तर सुमारे 500 किलोमीटर जास्त पडतात. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा, तो 48 अंशांपर्यंत उत्तरेला जाईल. हीच जवळची वाट. तरीही वैमानिक तीच धरतील असं नाही. वाऱ्याचा अंदाज पाहून रोज मार्ग नव्याने आखतात: जाताना प्रवाहात शिरायचं, येताना त्याला वळसा घालायचा. कागदावर लांबचा रस्ता घड्याळात जवळचा ठरतो.

घड्याळावरून आठवलं. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेलं विमान वाटेत तारीखरेषा (पूर्वेला जाताना जिथे तारीख एक दिवस मागे येते ती) ओलांडतं आणि लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास उतरतं. तिकिटावरच्या स्थानिक वेळांची सरळ वजाबाकी केली, तर प्रवासाचा कालावधी येतो उणे सात तास.