डेव्हलपर निवडताना सल्फाइटकडे पाहावे

नाशिकमध्ये फिल्म कॅमेऱ्याकडे नव्याने वळलेल्या तरुणांमध्ये एक समज चांगलाच रुजलेला दिसतो: इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांचे मिश्रण हा केमिकलविरहित डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण) आहे आणि म्हणून घरासाठी तोच योग्य आहे. या मिश्रणात निगेटिव्ह तयार होते हे खरे. परंतु ती होते कॉफीतील कॅफेइक आम्लासारख्या संयुगांमुळे आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लामुळे, म्हणजेच रसायनांमुळे. डेव्हलपरची निवड त्यातील घटक फिल्मवर काय करतात यावरून व्हावी, आणि त्या घटकांत मला सर्वाधिक विलक्षण वाटते ते सोडिअम सल्फाइट, जे स्वतः जवळजवळ काहीच डेव्हलप करत नाही.

फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. ज्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडला असेल, त्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा ठिपका तयार झालेला असतो. डेव्हलपर या ठिपक्याच्या वाटेने इलेक्ट्रॉन पुरवतो आणि तो सबंध स्फटिक धातुरूप चांदीत बदलतो. ठिपका नसलेला शेजारचा स्फटिक तेवढ्या वेळात जवळपास तसाच राहतो. कोडॅकच्या 1927 सालापासून प्रसिद्ध असलेल्या डी-76 या डेव्हलपरमध्ये हे काम मुख्यतः मेटॉल हे रसायन करते, आणि इलेक्ट्रॉन देऊन बसलेल्या मेटॉलला हायड्रोक्विनोन पुन्हा कामाला लावते. लिटरभर द्रावणात मेटॉल 2 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, बोरॅक्स 2 ग्रॅम आणि सल्फाइट मात्र 100 ग्रॅम असते.

एवढे सल्फाइट कशासाठी? हवेतील ऑक्सिजनपासून ते द्रावणाचे रक्षण करते, आणि वापरल्या गेलेल्या हायड्रोक्विनोनपासून बनणारे, डाग पाडू शकणारे पदार्थ निष्प्रभ करते. परंतु या दोन कामांना इतकी मात्रा लागत नाही. लिटरला 100 ग्रॅम या प्रमाणात सल्फाइट स्फटिकांच्या कडा हळूहळू विरघळवू लागते. विरघळलेल्या चांदीचा काही भाग आधीच डेव्हलप होत असलेल्या कणांवर पुन्हा बसतो. त्यामुळे चांदीच्या तंतुमय गुंतवळी अधिक आटोपशीर होतात, ग्रेन (चित्रात दिसणारा दाणेदारपणा) मऊ दिसतो, आणि त्याची किंमत म्हणून कडांची धार किंचित बोथट होते. हाच डी-76 समान पाण्याने पातळ केला, की सल्फाइट लिटरला 50 ग्रॅमवर येते, विरघळवण्याची क्रिया मंदावते आणि धार परत येते.

नाशिकच्या उन्हाळ्यात या पातळ द्रावणाचा आणखी एक फायदा होतो. डी-76 शी जवळजवळ समान असलेल्या इलफर्डच्या आयडी-11 मध्ये एचपी5 प्लस ही फिल्म 20 अंश सेल्सिअसला मूळ द्रावणात साडेसात मिनिटे आणि समान पाणी घातलेल्या द्रावणात 13 मिनिटे ठेवतात. तापमान 24 अंशांवर गेले, तर हे काळ साधारण 5 आणि 9 मिनिटांवर येतात. पाच मिनिटांहून कमी वेळात फिल्मवर असमान पट्टे पडण्याचा धोका वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणीच कोमट येते, तेव्हा टँक (फिल्म डेव्हलप करण्याचे बंद भांडे) बर्फाच्या पाण्यात ठेवून 24 अंश राखणे घरी जमण्यासारखे आहे. 20 अंशांचा हट्ट धरण्याची गरज नाही. म्हणून नवशिक्याने सुरुवात याच पातळ डी-76 पासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

1891 पासून चालत आलेल्या रोडिनाल या डेव्हलपरमध्ये काम पॅरा-अमिनोफिनॉल करते. ते 50 पट पाण्यात पातळ केल्यावर सल्फाइट नाममात्र उरते, म्हणून ग्रेन उघडा आणि धार लख्ख मिळते. गोदाघाटाच्या दगडी पायऱ्या मंद गतीच्या (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्मवर टिपल्या असतील, तर मी रोडिनालच घेईन. 400 इतक्या जास्त वेगाच्या फिल्मवर चेहरे असतील, तर नाही. त्याच्या ‘जादुई टोन’विषयी जे सांगितले जाते, त्यातील बराचसा भाग एक्स्पोजर आणि टँक हलवण्याच्या पद्धतीचा असतो.

डी-76 सुट्या रसायनांपासून बनवताना क्रम पाळावा. मेटॉल दाट सल्फाइटमध्ये नीट विरघळत नाही, पांढरी भुकटी तरंगत राहते. म्हणून सुमारे 50 अंशांच्या पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल आणि ते पूर्ण विरघळल्यावरच उरलेले सल्फाइट घालावे. मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ येते, तेव्हा हातमोजे घालावेत आणि भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवावीत. बोअरच्या जड पाण्यात साका बसू शकतो, त्यापेक्षा डिस्टिल्ड पाणी घ्यावे. पातळ केलेले द्रावण एकदाच वापरून टाकावे, कारण त्यात संरक्षण करणारे सल्फाइटही निम्मेच उरलेले असते.