फोनवरचे अ‍ॅप टॅबलेटवर आणताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोनसाठी तयार केलेले अ‍ॅप टॅबलेटवर चालते, पण शोभत नाही, ही तक्रार बहुतेक ग्राहक पहिल्याच बैठकीत करतात, आणि ती रास्त असते. यादीची प्रत्येक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरते, नाव पार डावीकडे आणि तारीख पार उजवीकडे जाते, आणि ओळीवर बोट ठेवताच संपूर्ण स्क्रीन बदलून एका नोंदीचे चार शब्द भल्यामोठ्या पांढऱ्या जागेत एकटे पडतात. अक्षरे आणि बटणे मोठी केल्याने हे सुधारत नाही. यादी आणि तिच्यातील नोंदीचा तपशील शेजारीशेजारी मांडणे हा त्यावरचा उपाय आहे. तो दिसायला सोपा असला, तरी त्यामुळे अ‍ॅपमधील ये-जा करण्याची पद्धतच बदलते. हे काम आम्ही कसे करतो आणि त्यात आपल्याला कोणते निर्णय घ्यावे लागतात, हे पुढे सांगितले आहे.

‘स्प्लिट स्क्रीन’चे दोन अर्थ

बोलताना या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. पहिल्या अर्थाने एकच अ‍ॅप आपली जागा दोन भागांत वाटते : डावीकडे यादी, उजवीकडे तपशील. दुसऱ्या अर्थाने वापरणारी व्यक्ती दोन वेगवेगळी अ‍ॅप शेजारीशेजारी उघडते. ही सोय आयपॅडवर २०१५ साली आयओएस ९ सोबत आली आणि अँड्रॉइडमध्ये २०१६ साली ७.० या आवृत्तीपासून अंगभूत झाली. आपण मागणी करता ती पहिल्या प्रकाराची, परंतु दुसरा प्रकार विसरून काम केले तर पहिला फसतो, कारण मोठ्या टॅबलेटवरही आपल्या अ‍ॅपच्या वाट्याला कधीकधी फोनएवढीच रुंदी येते.

म्हणून ‘हे उपकरण टॅबलेट आहे का’ असा प्रश्न आम्ही अ‍ॅपला विचारायला लावत नाही. ‘या क्षणी मला किती रुंदी मिळाली आहे’ एवढेच ते पाहते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार ६०० डीपीपेक्षा कमी रुंदी म्हणजे आटोपशीर, ६०० ते ८४० मध्यम आणि ८४० पासून पुढे विस्तृत. डीपी हे मोजमाप स्क्रीनच्या दाटपणावर अवलंबून नसते. इंचाला १६० ठिपके असलेल्या स्क्रीनवर एक डीपी म्हणजे एक ठिपका. अ‍ॅपलच्या प्रणालीत रुंदीचे दोनच वर्ग आहेत, आटोपशीर आणि नेहमीची. आडव्या धरलेल्या, १०२४ पॉइंट (डीपीसारखेच अ‍ॅपलचे मोजमाप) रुंदीच्या आयपॅडवर दोन अ‍ॅप समसमान उघडली तर मधला दुभाजक वगळून प्रत्येकाला ५०७ पॉइंट मिळतात आणि दोन्ही आटोपशीर वर्गात जातात. १३६६ पॉइंटांच्या मोठ्या आयपॅडवर मात्र त्याच अर्ध्या वाट्यात ६७८ पॉइंट येतात आणि तो वाटा नेहमीच्या रुंदीचा ठरतो. वाटा दोन्हीकडे अर्धाच असतो, मांडणी मात्र वेगळी करावी लागते. उलट बाजूने, काही मोठे आयफोन आडवे धरले की नेहमीच्या रुंदीच्या वर्गात येतात, त्यामुळे दोन भागांची मांडणी फोनवरही दिसू शकते.

‘मग अ‍ॅप फक्त उभेच राहील असे करून टाका’ ही सूचनाही आम्हाला अनेकदा मिळते. तो मार्ग आता बंद होत चालला आहे. अँड्रॉइड १६ ला लक्ष्य करून तयार केलेल्या अ‍ॅपने घातलेली उभे-आडवेपणाची आणि आकाराची बंधने, किमान ६०० डीपी रुंदीच्या स्क्रीनवर प्रणाली साधारणपणे मानत नाही. खेळांना त्यातून वगळले आहे.

चळत आणि जोडी

फोनवर पाने चळतीसारखी एकावर एक रचली जातात. यादीवर तपशील येतो, तपशिलावर दुरुस्तीचा अर्ज येतो आणि ‘मागे’ दाबले की वरचे पान निघून खालचे दिसते. टॅबलेटवर यादी झाकली जात नाही, त्यामुळे तपशिलातून यादीकडे परत जाण्याचा प्रश्नच उरत नाही. तेथे ओळीवर बोट ठेवणे ही निवड ठरते, आणि यावरून पुष्कळ गोष्टी ठरतात. निवडलेली ओळ रंगवून दाखवावी लागते, नाहीतर उजवीकडचा तपशील कोणाचा हे कळत नाही. उजव्या भागाच्या पहिल्या पानावर ‘मागे’चा बाण ठेवायचा नसतो, मात्र त्याच भागात आणखी आत गेल्यावर तो लागतो, आणि तो फक्त उजवा भाग मागे नेतो. एकामागून एक दहा ओळी पाहिल्यानंतर ‘मागे’ने त्या दहाही उलट क्रमाने दाखवाव्यात का, असे विचाराल तर आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण यादी समोरच असताना त्या क्रमाचा कोणालाही उपयोग होत नाही.

फोनवर खालच्या कडेला असलेली टॅबपट्टी टॅबलेटवर डाव्या कडेला उभी करावी, असे आम्ही सुचवतो. टॅबलेट दोन्ही बाजूंनी धरला जातो आणि अंगठे खालच्या कडेच्या मध्यापर्यंत सहज पोहोचत नाहीत.

काहीच निवडलेले नसताना

अ‍ॅप उघडताच उजव्या भागात काय दिसावे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त चर्चा त्यावरच होते. पहिली नोंद आपोआप उघडावी किंवा ‘डावीकडून नोंद निवडावी’ एवढाच मजकूर असावा, हे दोन सरळ पर्याय आहेत. नोंद उघडताच ती ‘वाचली’ अशी खूण होत असेल, तर पहिला पर्याय टाळावा, कारण कोणीही न वाचलेली नोंद वाचलेली ठरते. दुसऱ्या पर्यायात एक जुना खड्डा आहे. आयओएसवर दोन भागांची मांडणी फोनच्या रुंदीत मिटते तेव्हा, वेगळी सूचना दिली नसेल तर, तपशिलाचे पान वर राहते. परिणामी फोनवर अ‍ॅप उघडणाऱ्याला यादीऐवजी ते रिकामे पान दिसते आणि यादी त्याच्या मागे दडलेली असते. आमच्या सुरुवातीच्या एका कामात हा दोष अगदी शेवटच्या चाचणीत उघडकीला आला, कारण तोपर्यंत सगळे जण टॅबलेटवरच पाहत होते.

अर्धवट भरलेला अर्ज

फोनवर अर्ज उघडा असताना यादी दिसत नाही, म्हणून दुसऱ्या नोंदीवर चुकून बोट पडण्याचा धोकाही नसतो. टॅबलेटवर तो कायम असतो. दुरुस्तीच्या कामांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपचे उदाहरण घेतले, तर एका कामाचा अहवाल लिहिता लिहिता कर्मचारी शेजारच्या दुसऱ्या कामावर बोट ठेवतो. अशा वेळी लिहिलेल्या मजकुराचे काय व्हावे? प्रत्येक वेळी ‘बदल टाकून द्यायचे का’ असे विचारता येते, परंतु वारंवार विचारलेला प्रश्न लोक न वाचताच मान्य करतात. त्यापेक्षा मजकूर त्या नोंदीचा मसुदा म्हणून जपून ठेवावा आणि यादीत त्या ओळीवर लहानशी खूण करावी, असे आमचे मत आहे. मसुदा ठेवणे ज्या व्यवहारात योग्य ठरत नाही, तेथे अर्ज पूर्ण होईपर्यंत यादी निष्क्रिय करता येते. उघडलेली नोंद पुसली गेली, किंवा शोधचौकटीत काही लिहिल्यामुळे ती यादीतून गाळली गेली, तर उजवीकडे काय राहावे हेही आधीच ठरवावे लागते. पुसल्यावर पुढची नोंद दाखवावी आणि शोधताना उजवा भाग तसाच ठेवावा, असे आम्ही सहसा करतो.

याहून अवघड बाब रुंदी मध्येच बदलण्याची आहे. टॅबलेट फिरवला किंवा दोन अ‍ॅपमधील दुभाजक सरकवला की अँड्रॉइड सामान्यतः चालू पान मोडून नव्याने उभे करते. निवडलेली नोंद कोणती होती, यादी कोठपर्यंत सरकवली होती आणि अर्जात काय लिहिले होते, हे अ‍ॅपने स्वतः जपले नसेल, तर ते त्या क्षणी नाहीसे होते. रुंद मांडणीतून अरुंद मांडणीत जाताना त्याच नोंदीचे पान वर असावे आणि ‘मागे’ दाबताच यादी मिळावी. पुन्हा रुंद झाल्यावर तीच ओळ रंगवलेली दिसावी. नोटिफिकेशनमधून थेट एखादी नोंद उघडली तरी नियम हाच राहतो. अंदाजपत्रकात ‘स्थिती जतन करणे’ या नावाखाली जे तास दिसतात ते याच कामाचे असतात, आणि नेमके तेच कमी करण्याचा आग्रह धरला जातो. तो धरू नये, अशी आमची विनंती आहे.

प्रत्येक पान दुभागायचे नसते. पैसे भरण्याचे टप्पे, प्रवेशाचे पान किंवा कॅमेरा यांना जोडीची गरज नाही. तेथे मजकुराची रुंदी मर्यादित ठेवून तो मध्यभागी मांडणे पुरेसे असते.

चाचणीप्रत मिळाल्यावर

चाचणीप्रत हाती आली की एक अर्ज अर्धा भरावा, शेजारी दुसरे कोणतेही अ‍ॅप उघडावे आणि दुभाजक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश सरकवावा. नंतर टॅबलेट फिरवून हीच कृती पुन्हा करावी. टॅबलेटला कीबोर्ड जोडता येत असेल, तर बाणांच्या कळांनी यादीत खाली-वर जाता येते का आणि टॅबच्या कळीने उजव्या भागात पोहोचता येते का, हेही पाहावे. कोठेही मजकूर हरवला, निवड बदलली किंवा परतीची वाट सापडली नाही, तर त्या क्षणीचा स्क्रीनशॉट, उपकरणाचे मॉडेल आणि दुभाजक साधारण कोठे होता एवढी माहिती आम्हाला कळवावी. दोष पुन्हा घडवून पाहण्यासाठी आम्हाला तेवढी माहिती पुरते.