रुग्णालयातली स्वच्छता मोजण्याचा इतिहास : १९७० चा सल्ला आणि त्यानंतर

खाटेचा कठडा नीट पुसला गेला का, हे वॉर्डात आजही बहुतेक वेळा नुसतं बघूनच ठरतं. डाग नाही, बोटाला धूळ लागत नाही, जंतुनाशकाचा वास येतोय, म्हणजे झालं. पण एके काळी असं नव्हतं. १९५० आणि ६० च्या दशकांत पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या साथींनी अनेक देशांतली रुग्णालयं हादरली होती. त्या काळात अमेरिकेतल्या रुग्णालयांत जमीन, भिंती आणि हवेचे नमुने नेमाने घेतले जात. ‘अगर’ हे जंतू वाढवण्याचं जेलीसारखं माध्यम काठोकाठ भरलेली छोटी ताटली पृष्ठभागावर दाबायची, ऊबपेटीत ठेवायची आणि दोन दिवसांनी तिच्यावर उगवलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे जंतूंची एक वसाहत. आकडा मिळायचा, वहीत नोंदलाही जायचा. पण किती ठिपके चालतील, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

१९७० साली तिथल्या सरकारी साथरोग यंत्रणेने आणि रुग्णालयांच्या संघटनेने ही नेमाची तपासणी थांबवण्याचा सल्ला दिला. कारणं दोन होती. पृष्ठभागावरच्या एकूण जंतूंचा आणि रुग्णांना होणाऱ्या संसर्गाचा मेळ बसत नव्हता, आणि मर्यादाच ठरलेली नसल्यामुळे आकड्याचा अर्थ लावता येत नव्हता. तेवढ्यापुरता हा सल्ला बरोबरच होता. शिवाय तो सरसकट बंदीचा नव्हता. साथ आली, विशिष्ट जागेवर संशय आला, तर नमुने घ्यायला पूर्ण मुभा होती. आक्षेप होता तो उद्देश न ठरवता घेतलेल्या नमुन्यांवर.

पुढे मात्र हा ‘उद्देश न ठरवता’ मागे पडला आणि ‘नमुने घेऊ नका’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. १९७० ते १९७५ या काळात तिथल्या सुमारे २५ टक्के रुग्णालयांनी तपासणी कमी केली आणि नंतरही ती घटतच गेली. मोजमापाला मर्यादा नाही, ही अडचण असेल तर मर्यादा शोधायला हवी होती. झालं उलटंच, मोजणंच सुटलं. माझ्या मते या विषयाची जवळजवळ तीस वर्षं इथे वाया गेली.

त्यात १९८२ मध्ये एक अभ्यास आला. एक रुग्णालय जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेलं, तरी संसर्गाचं प्रमाण बदललं नाही. मग निर्जीव वस्तूंवरच्या जंतूंचा नेहमीच्या संसर्गात फारसा वाटा नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो पुढे वर्षानुवर्षं उद्धृत होत राहिला. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद इतकी उद्धृत झाली नाही. नवी इमारत स्वच्छ होती ती रुग्ण येईपर्यंतच. सहा ते बारा महिन्यांत तिथेही जुन्या इमारतीइतकेच जंतू सापडले. म्हणजे वर्षभराचा संसर्ग ताडून पाहताना दोन्ही जागा फार वेगळ्या उरल्याच नव्हत्या. आणि व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा एन्टेरोकॉकस हा आतड्यातला जंतू तर तेव्हा वॉर्डात आलेलाही नव्हता.

तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, आणि मग चित्र पालटलं. २००६ साली जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कोरड्या पृष्ठभागावर एमआरएसए, म्हणजे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस, सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत टिकतो, एन्टेरोकॉकस पाच दिवसांपासून चार महिन्यांपर्यंत, आणि जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणू (त्याचं टणक, सुप्त रूप) पाच महिने, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी हेही समोर आलं, की खोलीत आधी असलेल्या रुग्णाच्या अंगावर असे जंतू असतील तर त्या खोलीत नंतर येणाऱ्या रुग्णाला ते लागण्याची शक्यता वाढते. मधल्या वेळेत खोली साफ केलेली असली तरीही.

आता मोजायचं काय, यावर तीन वाटा फुटल्या. पहिली जुनीच, ठिपके मोजण्याची. २००४ साली ब्रिटनमधून प्रस्ताव आला, की हाताचा स्पर्श होणाऱ्या जागी एका चौरस सेंटिमीटरमध्ये पाचपेक्षा कमी वसाहती असाव्यात आणि एमआरएसएसारखा धोक्याचा जंतू असेल तर एकापेक्षा कमी. पाचाचा आकडा अन्नप्रक्रिया उद्योगातून घेतलेला होता. पुढे अडीचही सुचवला गेला. यावर टीका झाली, पण १९७० मध्ये जे नव्हतं, म्हणजे वाद घालता येईल असा एक आकडा, तो निदान हाती आला.

दुसरी वाट एटीपीची, म्हणजे सजीव पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाची. काजव्याच्या अंगात प्रकाश निर्माण करणारं विकर (एन्झाइम) पेशींमधल्या एटीपीशी मिसळलं की उजेड पडतो, आणि यंत्र तो मोजतं. स्वॅब (कापसाचा बोळा लावलेली काडी) फिरवायचा, नळीत घालून हलवायचा, काही सेकंदांत आकडा. हीही खाद्य कारखान्यांतून आलेली युक्ती. तिचा घोळ असा, की मेलेल्या पेशी, सांडलेलं दूध, रक्ताचा थेंब, सगळ्यांतच एटीपी असतं, आणि विषाणूंमध्ये नसतंच. ब्लीचचा अंश राहिला तरी आकडा बिघडू शकतो. एका कंपनीच्या यंत्रावरचे १०० आणि दुसरीच्या यंत्रावरचे १०० एकच नव्हेत, तरी अहवालांत ते सर्रास शेजारी-शेजारी मांडलेले दिसतात.

तिसरी वाट सगळ्यात साधी, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते. सुकल्यावर न दिसणाऱ्या जेलचा ठिपका कठड्याच्या आतल्या बाजूला, कॉल बेलच्या बटणावर, संडासाच्या मुठीवर लावून ठेवायचा. सफाई झाल्यावर अतिनील टॉर्च मारायचा. ठिपका जसाच्या तसा चमकला तर तिथे फडकं फिरलेलंच नाही. अमेरिकेतल्या २३ रुग्णालयांत असं पाहिलं, तेव्हा ठरवलेल्या जागांपैकी सरासरी ४९ टक्केच पुसल्या गेल्या होत्या. यातून जागा पुसली गेली का एवढंच कळतं, जंतू गेले का ते नाही. पण ३६ रुग्णालयांच्या दुसऱ्या पाहणीत निकाल सफाई कर्मचाऱ्यांना दाखवून शिकवल्यावर प्रमाण ४८ वरून ७७ टक्क्यांवर गेलं. निकाल कामगारांपासून लपवून केवळ दंडासाठी वापरला असता, तर हे घडलं नसतं असं मला वाटतं.

रुग्णांना याचा फायदा झाला का, हे तपासायला बराच वेळ लागला. ऑस्ट्रेलियातल्या ११ रुग्णालयांत सफाईची पद्धत, प्रशिक्षण आणि जेलची तपासणी एकत्र राबवली. २०१९ मध्ये निकाल आला. व्हॅन्कोमायसिनला न जुमानणाऱ्या एन्टेरोकॉकसचे संसर्ग ३७ टक्क्यांनी घटले, पण स्टॅफिलोकॉकसचे रक्तसंसर्ग आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल यांत ठळक फरक दिसला नाही. २०२४ मध्ये तिथल्याच एका रुग्णालयात अनेक रुग्णांसाठी फिरवली जाणारी उपकरणं पुसायला आठवड्यातल्या कामाच्या दिवशी तीन तास जादा दिले, तेव्हा एकूण रुग्णालयजन्य संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. हे यश जमीन-भिंतींचं नव्हे, तर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणाऱ्या वस्तूंचं होतं. १९७० पूर्वीच्या वहीत मात्र बहुतेक नोंदी जमिनीच्या, भिंतींच्या आणि हवेच्याच असत.

इंग्लंडमध्ये २०२१ पासून नवी स्वच्छता मानकं आहेत. त्यांत जागांचे धोक्यानुसार सहा गट पाडलेत आणि सर्वाधिक धोक्याच्या गटाला ९८ टक्के गुण लागतात. निकाल ताऱ्यांच्या रूपात लोकांसमोर लावला जातो, आणि ते गुण अजूनही मुख्यतः डोळ्यांनी पाहूनच दिले जातात.