धावपट्टी, बर्फ आणि बीड रस्त्यावरचा ट्रक

धावपट्टीवर विमानाच्या वाटेत गाडी आली, असं म्हटलं की जगभर बर्फ हटवणाऱ्या गाड्यांचे दाखले दिले जातात. मराठवाड्यात बर्फाचा प्रश्नच नाही. हिवाळ्यात इथल्या प्रवाशाची तक्रार असते ती फार तर दिल्लीच्या धुक्यात विमान रखडल्याची. तरीही या विषयातला एक मोठा अपघात इथलाच, तोही ऐन उन्हाळ्यातला.

२६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ दिल्ली, जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) आलं आणि दुपारी एकच्या सुमारास मुंबईला निघालं. आत ११८ जण होते. धावपट्टी जवळपास संपली तेव्हा विमानानं जमीन सोडली. टोकापलीकडे लगेच बीड रस्ता, आणि त्यावरून रुईच्या गाठी भरलेला ट्रक चाललेला. रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर विमानाची डावीकडची चाकं आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. पुढे विमान उच्च दाबाच्या तारांत सापडलं, कोसळलं, पेटलं. ५५ जण गेले.

चौकशीत दोन दोष निघाले. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, हा एक. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरच्या वाहतुकीवर राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानं नियंत्रण ठेवलं नाही, हा दुसरा. माझ्या मते या विषयाच्या दृष्टीनं दुसराच महत्त्वाचा. ट्रकवाला आपल्या रस्त्यानं चालला होता. विमान येतंय हे त्याला कळणार कसं?

हाच प्रश्न बर्फातल्या अपघातांतही आहे. कॅनडात क्रॅनब्रुकला ११ फेब्रुवारी १९७८ रोजी हिमवर्षाव चालू असताना एक गाडी धावपट्टी झाडत होती. चालकाला विमानाची वेळ कळवलेली होती. विमान सुमारे दहा मिनिटं आधीच उतरलं, आणि जवळ आल्याची वर्दी वैमानिकांनी दिली नव्हती. टेकल्यावर गाडी दिसताच त्यांनी पुन्हा उड्डाण घेतलं. गाडीवरून विमान सुखरूप गेलं, पण वेग कमी करण्यासाठी इंजिनाचा झोत पुढे वळवणारी डावीकडची यंत्रणा पुरती मिटलेली नव्हती. विमान कोसळून ४० हून अधिक लोक दगावले. चालक मात्र सांगितलेल्या वेळेच्या आतच काम करत होता.

सायबेरियातल्या ओम्स्क विमानतळावर ११ ऑक्टोबर १९८४ रोजी पावसानं ओली धावपट्टी सुकवणाऱ्या गाड्यांवर विमान आदळलं. त्यांना परवानगी देणारा नियंत्रक झोपी गेला होता. मृतांचा आकडा १७८. मॉस्कोच्या व्नुकोवोवर २०१४ मध्ये बर्फ हटवणाऱ्या गाडीशी झालेल्या टकरीत तोताल या फ्रेंच तेल कंपनीचे प्रमुख क्रिस्तोफ द मार्जरी गेले.

कुंपणाबाहेरच्या रस्त्याचाही बर्फातला दाखला आहे. ८ डिसेंबर २००५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर विमान थांबेचना. कुंपण तोडून ते रस्त्यावरच्या मोटारीवर गेलं आणि आतला सहा वर्षांचा मुलगा ठार झाला. धावपट्टीची अवस्था वैमानिकाला नेमक्या शब्दांत कळवायची कशी, यावर अमेरिकेत त्यानंतर जोरानं काम झालं. पुढे ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर एकच पद्धत आली: धावपट्टीचे तीन भाग धरायचे आणि प्रत्येकाला ० ते ६ पैकी एक आकडा द्यायचा. कोरडी असेल तर ६, नुसती ओली असेल तर ५. भारतातही हीच पद्धत आहे, पण आपल्याकडे तिचा खरा उपयोग पावसाळ्यात.

गंमत अशी, की पाणी किती साचलंय हे बघायलाही कुणाला तरी जीप घेऊन धावपट्टीवर जावं लागतं. त्यासाठी चालकाकडे विमानतळाच्या आत गाडी चालवण्याचा वेगळा परवाना हवा, टपावर लुकलुकणारा दिवा हवा, आणि टॉवरशी रेडिओवर बोलून परवानगी घेतल्याशिवाय धावपट्टीवर चाक टाकायचं नाही. बाहेरच्या रस्त्यावरच्या चालकाला यातलं काहीच लागू नाही. त्याच्यासाठी उपाय राहतात ते दोनच: उड्डाणाच्या वेळी रस्ता अडवणं, किंवा धावपट्टीपुढे पुरेशी मोकळी जागा ठेवणं.