बर्फ : पृथ्वीवरचा आणि पृथ्वीबाहेरचा

पाण्याचे घनरूप म्हणजे बर्फ. ग्रहविज्ञानात हा शब्द जरा सैल अर्थाने येतो. गोठलेला नायट्रोजन, मिथेन, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया यांनाही तिथे बर्फच म्हणतात, आणि म्हणून पाण्याच्या बर्फाला ‘जलबर्फ’ असे वेगळे नाव द्यावे लागते. निसर्गात आपोआप तयार होणे, ठरावीक रासायनिक घडण आणि ठरावीक स्फटिकरचना असणे या खनिजाच्या अटी बर्फ पुऱ्या करतो. त्यामुळे भूविज्ञानाच्या हिशेबात तो क्वार्ट्झ किंवा कॅल्साइटसारखे एक खनिज आहे आणि हिमनदी हा एकाच खनिजाचा बनलेला खडक.

हा खडक पृथ्वीवर नेहमीच वितळण्याच्या उंबरठ्यावर असतो. उणे १० अंश सेल्सिअस म्हणजे २६३ केल्व्हिन; केल्व्हिन म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानापासून, उणे २७३ अंशांपासून, मोजलेले अंश. बर्फाचा वितळबिंदू २७३ केल्व्हिन. म्हणजे उणे १० अंशांचा बर्फ आपल्या वितळबिंदूच्या ९६ टक्क्यांवर असतो. लोखंड तितक्याच प्रमाणात तापवायचे तर ते सुमारे १,४७० अंशांपर्यंत न्यावे लागेल. हाताला गार लागणारा बर्फ पदार्थ म्हणून असा रसरशीत तापलेला असतो. त्याचे वाहणे, घसरडेपणा, दोन तुकड्यांचे एकमेकांना चिकटणे हे सारे याच गोष्टीतून निघते. सूर्यापासून दूर जावे तसतसे हे तापलेपण ओसरते आणि तोच पदार्थ निराळा वागू लागतो. पृथ्वीवरचा आणि परक्या खगोलांवरचा बर्फ एकाच नोंदीत घ्यायचा तो यासाठी.

रचना व गुणधर्म : बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो आणि त्यातून षट्कोनी, बरीच पोकळ अशी जाळी उभी राहते. या पोकळपणामुळे बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो, पाण्यापेक्षा कमी. म्हणून तो तरंगतो, हिमनगाचा सुमारे नऊ दशांश भाग समुद्रात बुडालेला राहतो आणि तळी वरून खाली गोठतात. तळाशी ४ अंशांचे, सर्वांत जड पाणी राहते व मासे तगतात. हिमकणांना सहाच बाजू का, हा प्रश्न योहानेस केप्लरने १६११ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत मांडला होता. रेणूंची जाळी तेव्हा कोणाला ठाऊक असणार? जपानच्या होक्काइडो बेटावर उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला आणि तापमान व आर्द्रता यांवरून कणाचा आकार कसा ठरतो ते दाखवून दिले. उणे ५ अंशांच्या आसपास सुया व स्तंभ, तर उणे १५ च्या आसपास चित्रांतून दिसणारी फांदेदार चांदणी तयार होते. हिमकण पाहून तो ज्या ढगातून आला तिथली हवा सांगता येते, ती यामुळे.

दाब वाढवला की ही पोकळ जाळी मोडते आणि रेणू दाटीने नव्या रचना करतात. अशा सुमारे वीस स्फटिकरूपांचा शोध लागला असून ती क्रमांकांनी ओळखली जातात. फ्रीजमधला बर्फ हा पहिल्या क्रमांकाचा. सातव्या क्रमांकाचा बर्फ पृथ्वीच्या पोटात खोलवर तयार झालेल्या हिऱ्यांमध्ये अडकलेला सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. युरेनस व नेपच्यून यांच्या अंतरंगात तर हजारो अंश तापमानालाही घन राहणारा, काळसर, वीजवाहक बर्फ असावा, असा अंदाज लेसरच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांवरून बांधला जातो. उलट टोकाला, ताऱ्यांमधल्या धुळीच्या कणांवर उणे २६० अंशांच्या आसपास साचणाऱ्या बर्फात रेणूंना रांगेत बसायलाही बळ उरत नाही; तो काचेसारखा अस्फटिकी असतो. विश्वातला बहुतेक बर्फ याच जातीचा मानला जातो.

एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये बॉस्टनहून कलकत्त्याला जहाजाने तळ्यातला बर्फ धाडला आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला बराचसा शाबूत पोहोचला, तो या सुप्त उष्णतेच्या आधारावर. मुंबईतही पुढे असा बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला गोदीजवळ बर्फघर उभे राहिले.

बर्फाच्या घसरडेपणाचे श्रेय पूर्वी पायाखालच्या दाबाला दिले जाई. हिशेब केला तर माणसाच्या वजनाने वितळबिंदू अगदीच थोडा खाली येतो. मायकेल फॅरडेने १८५० मध्ये वेगळाच तर्क केला होता : बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा एक पातळ पापुद्रा असतो, म्हणून दोन तुकडे टेकवले की जुळतात. आधुनिक मोजमापांनी हा पापुद्रा खरा ठरवला. कडाक्याच्या थंडीत तो विरतो आणि बर्फावर घसरणे अवघड होते.

महाराष्ट्रातला बर्फ : इथे बर्फ दोनच वाटांनी येतो. पहिली गारपीट. ढगातले पाण्याचे थेंब शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहतात, कारण स्फटिक सुरू व्हायला एखादा कण लागतो. वर फेकल्या गेलेल्या गारेला असे अतिशीत थेंब भिडले की जागीच गोठतात. गार कापली तर कांद्यासारखे दुधी व पारदर्शक थर दिसतात ते त्यामुळे. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातली उभी पिके झोडपून काढली होती.

दुसरी वाट शांत आहे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी किंवा निफाडच्या शिवारात पहाटे दव गोठते, पण हवेचे तापमान त्या वेळी शून्याच्या वरच असू शकते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात व भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. द्राक्षबागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. अठराव्या शतकात अलाहाबादेत पेंढ्यावर उथळ मातीची भांडी मांडून, रात्रभरात त्यातल्या पाण्याचा पातळ बर्फ करीत असत, तोही याच नियमाने.

हिमनदी : पडलेल्या हिमावर नवे हिम साचत जाते, खालचे दबते आणि कण एकमेकांत मुरतात. घनता ८३० किलोपर्यंत गेली की कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि हवा बुडबुड्यांच्या रूपात कायमची कोंडली जाते. थर पुरेसा जाड झाला की स्वतःच्या भाराने तो उताराकडे सरकू लागतो.

हे सरकणे ठळकपणे दिसून आले ते एका झोपडीमुळे. फ्रान्झ योसेफ हुगी यांनी स्वित्झर्लंडच्या उंटेरार हिमनदीवर १८२७ मध्ये बांधलेली झोपडी १८४० च्या सुमारास लुई अगासी यांना एक किलोमीटरहून जास्त खाली सापडली. जेम्स फोर्ब्स यांनी १८४२ मध्ये फ्रान्समधल्या ‘मेर द ग्लास’ हिमनदीवर खुणा रोवून दाखवले की पात्राच्या मधला बर्फ काठापेक्षा वेगाने जातो, अगदी नदीसारखा. पुढे १९५० च्या दशकात जॉन ग्लेन यांनी प्रयोगशाळेत बर्फावर भार टाकून नियम काढला : ताण दुप्पट केला तर वाहण्याचा वेग जवळपास आठपट होतो. हिमनद्यांचे आजचे सगळे गणित या नियमावर उभे आहे. जाडीत किंवा उतारात थोडासा फरक पडला तरी हिमनदी एवढी का बदलते, याचे उत्तर या आठपट वाढीत आहे. तळाशी वितळलेले पाणी असेल तर ती खडकावरून घसरतेही. ग्रीनलंडच्या याकोब्सहावन हिमनदीचा वेग २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरहून अधिक नोंदला गेला.

पृथ्वीवरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांशाहून जास्त पाणी बर्फात आहे, आणि त्यातले बहुतेक अंटार्क्टिकावर. तिथला थर सरासरी सुमारे दोन किलोमीटर जाड आहे. तो सगळा वितळला तर समुद्र ५८ मीटर चढेल. ग्रीनलंडचा वितळला तर ७ मीटर. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. त्याचे नुकसान वेगळे आहे : ताजे हिम ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवते, उघडा समुद्र जेमतेम दहा टक्के. बर्फ गेला की समुद्र तापतो आणि आणखी बर्फ जातो.

कोंडलेल्या हवेचे मोल मात्र सर्वांत मोठे. अंटार्क्टिकातील ‘डोम सी’ इथे युरोपीय शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटरहून खोल छिद्र पाडून ८ लाख वर्षांचा सलग बर्फ वर काढला. त्यातल्या बुडबुड्यांवरून दिसते की या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत साधारण १८० ते ३०० या पट्ट्यातच वरखाली होत राहिले. आज ते ४२० च्या पुढे आहे. हा आकडा कुणा मॉडेलमधला नाही. ती त्या काळची खरी हवा आहे, बाटलीत भरून ठेवल्यासारखी. जवळच्या ‘लिटल डोम सी’वर जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटर खोलीवरून किमान १२ लाख वर्षांपूर्वीचा बर्फ मिळाला.

भारताचे हे काम गोव्यातून चालते. पहिली अंटार्क्टिका मोहीम सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरूनच निघाली. वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात उणे २० अंशांच्या खोल्यांमध्ये अंटार्क्टिकातले बर्फाचे दंडगोल जपून ठेवलेले आहेत. बाहेर नारळीची झाडे आणि आत हजारो वर्षांपूर्वीचे हिम. हिमालयातल्या हिमनद्यांच्या अभ्यासासाठी याच केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत ४,००० मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे ठाणे उभारले.

पृथ्वीबाहेर : सूर्यमाला घडत होती तेव्हा सूर्यापासून ठरावीक अंतरापलीकडेच पाणी गोठू शकत होते. ही हिमरेषा आजच्या मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यान होती. तिच्यापलीकडे बर्फ हाच बांधकामाचा मुख्य माल ठरला. तिच्या अलीकडच्या बाजूला तो बहुतेक सावलीत उरला. बुधावर दिवसा ४३० अंश तापमान असते, तरी त्याचा आस जवळजवळ सरळ असल्याने ध्रुवांवरच्या विवरांच्या तळाला ऊन कधीच पोहोचत नाही. तिथले रडारला चमकणारे ठिपके बर्फाचेच असल्याचा भक्कम पुरावा ‘मेसेंजर’ यानाने २०१२ मध्ये दिला. चंद्रावरही तसेच. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाने नोंदवलेल्या परावर्तित प्रकाशातून ध्रुवांजवळच्या सावलीतल्या उघड्या बर्फाची थेट खूण २०१८ मध्ये हुडकली गेली. यान २००९ मध्येच थांबले होते. माहिती मात्र बोलत राहिली.

मंगळावर हवा इतकी विरळ आहे की बर्फ न वितळता सरळ वाफ होतो. ‘फिनिक्स’ यानाने २००८ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ चर खणला, तेव्हा उघडे पडलेले पांढरे खडे चार दिवसांत नाहीसे झाले. ते मीठ नसून बर्फ होता हे त्यावरूनच कळले. मंगळाच्या ध्रुवीय टोप्यांत बर्फ व धूळ यांचे थरावर थर आहेत. डोम सीप्रमाणे तिथे छिद्र पाडता आले तर एका परक्या ग्रहाचा हवामान-इतिहास वाचता येईल.

गुरूचा उपग्रह युरोपा इथे बर्फाची दोन्ही रूपे एकावर एक आढळतात. पृष्ठभाग उणे १६० अंशांचा, दगडासारखा ठिसूळ, लांबलचक भेगांनी चिरलेला. गुरूच्या ओढीने युरोपा दर साडेतीन दिवसांच्या फेरीत पिळवटला जातो आणि त्या घर्षणाने आत ऊब राहते. म्हणून खालचा बर्फ पृथ्वीवरच्यासारखा मऊ, संथपणे वाहणारा असावा आणि त्याखाली खारा महासागर. या महासागराची चाहूल ‘गॅलिलिओ’ यानाला चुंबकीय क्षेत्रातल्या फेरफारांवरून लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले ‘युरोपा क्लिपर’ २०३० मध्ये तिथे पोहोचणार आहे. शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहावर तर खणायचीही गरज नाही. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या या गोळ्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून वाफ आणि बर्फकणांचे फवारे उडताना ‘कॅसिनी’ यानाला २००५ मध्ये आढळले, त्या कणांत मीठ, सेंद्रिय रेणू आणि फॉस्फेटही मिळाले.

त्याच वर्षी १४ जानेवारीला ‘हायगेन्स’ हे यान शनीच्याच टायटन या उपग्रहावर उतरले. उणे १७९ अंशांत त्याच्याभोवती नदीतल्यासारखे गुळगुळीत गोटे पडलेले होते. ते गोटे जलबर्फाचे, आणि त्यांना घासून गोल करणारा प्रवाह द्रव मिथेनचा. इथे बर्फ आपल्या वितळबिंदूच्या एक तृतीयांशावर आला आहे. वाहण्याचे काम त्याने सोडले आहे; तो आता निव्वळ दगड.

प्लूटोवर ही अदलाबदल पुरी होते. ‘न्यू होरायझन्स’ यानाने १४ जुलै २०१५ रोजी तिथे सुमारे हजार किलोमीटर पसरलेले नायट्रोजनच्या बर्फाचे मैदान टिपले. नायट्रोजनचा वितळबिंदूच ६३ केल्व्हिन असल्याने उणे २३० अंशांच्या गारठ्यातही तो त्याच्या मानाने उबदार आहे. तळाच्या उष्णतेने तो दुधावरच्या सायीसारखा हळूहळू उलथापालथ करतो आणि काठच्या दऱ्यांतून त्याच्या हिमनद्या उतरतात. भोवतीचे कित्येक किलोमीटर उंच डोंगर जलबर्फाचे आहेत. नायट्रोजनपेक्षा हलके असल्याने त्यांचे सुटलेले कडे त्या मैदानावर हिमनगांसारखे तरंगत जातात. त्यांतल्या दोन पर्वतरांगांना तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांची नावे दिली आहेत. एव्हरेस्टवर या दोघांच्या पायाखाली खडकाचा डोंगर आणि बर्फाची हिमनदी होती. त्यांच्या नावाच्या रांगांमध्ये डोंगरच बर्फाचा आहे, आणि हिमनदी हवेत असतो त्या नायट्रोजनची.